तुमच्या शहरावर कर्ज किती? घरबसल्या शोधायचं कसं

२०१७ च्या जून महिन्यात पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे (गुंतवणूकदारांकडून ठरलेल्या व्याजाने पैसे उभारण्याचे रोखे) काढले. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. व्याजदर ७.५९ टक्के, मुदत १० वर्षं. मुद्दल पूर्ण शिल्लक असेतोवर दरवर्षी नुसत्या व्याजाचे १५ कोटी १८ लाख रुपये होतात. हे पैसे ज्या तिजोरीतून जातात ती मिळकतकर आणि पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या जिवावर चालते. तरी या कर्जाची कागदपत्रं इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येतात, हे त्या भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

कर्ज काढलं म्हणून मी कुठल्याही महापालिकेला नावं ठेवणार नाही. पन्नास वर्षं टिकणाऱ्या जलवाहिनीचा सगळा खर्च आजच्या एका वर्षाच्या करातून काढायचा, हेही न्यायाचं नाही. पण कर्ज किती, कुणाकडून, कशासाठी आणि ते कधी फिटणार, हे फेडणाऱ्याला कळायलाच हवं. आणि ते कळायचं असेल तर आधी ताळेबंद, म्हणजे वर्षअखेरचा मालमत्ता आणि देण्यांचा हिशेब, उघडावा लागतो. बहुतेक जण अंदाजपत्रकापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. मीही फसलो होतो. एका नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात जमा बाजूला ‘कर्ज’ या शीर्षाखाली मोठी रक्कम दिसली, ती मी थकलेलं कर्ज म्हणून वहीत उतरवून घेतली आणि चार लोकांना सांगितलीसुद्धा. प्रत्यक्षात ते त्या वर्षी उभारायचं ठरवलेलं कर्ज होतं आणि ते कधी घेतलंच गेलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे पुन्हा जाऊन चूक दुरुस्त करावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी ठरवा, कर्ज कुणाचं शोधायचं

महाराष्ट्रात आज २९ महापालिका आहेत, त्याखाली नगरपरिषदा आणि नगरपंचायती, ग्रामीण भागात जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती. प्रत्येक संस्थेचे हिशेब वेगळे. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो, बाकीच्या महापालिकांचा १९४९ च्या, तर नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा १९६५ च्या. स्थानिक संस्थांच्या कर्जांसाठी १९१४ चा एक जुना केंद्रीय कायदाही आहे. या सगळ्यांत सामान्य वाचकाने एक धागा धरून ठेवावा: महापालिकेला मनात आलं म्हणून कर्ज काढता येत नाही, राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणजे प्रत्येक कर्जामागे एक ठराव आणि एक मंजुरी असा कागदाचा माग असतोच.

शहरात दिसणारं प्रत्येक काम महापालिकेच्या कर्जातून झालेलं नसतं, हेही आधीच लक्षात घ्या. मेट्रोची कंपनी वेगळी, बसची कंपनी वेगळी, स्मार्ट सिटीची कंपनी वेगळी. त्यांचं कर्ज त्यांच्या हिशेबात. पालिकेच्या ताळेबंदात ते शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल.

ताळेबंद मिळवा

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाचं ‘सिटीफायनान्स’ नावाचं संकेतस्थळ आहे. शोधयंत्रात मराठीत ‘सिटीफायनान्स’ टाकलं तरी सापडतं, फक्त पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ आहे ना, ते पाहून घ्या. राज्य निवडा, शहर निवडा, वर्ष निवडा. देशभरातल्या नागरी संस्थांची आर्थिक विवरणपत्रं तिथे आहेत आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. गोव्यातले वाचक पणजी महापालिका किंवा आपली नगरपालिका याच जागी शोधू शकतात.

इतक्या संस्थांनी आपले हिशेब एका जागी आणून ठेवले याला कारण आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानासाठी अटच घातली: आदल्या वर्षाचे लेखापरीक्षण न झालेले तात्पुरते हिशेब आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब, दोन्ही ऑनलाइन लोकांसमोर हवेत. पैसा अडकतो म्हटल्यावर कागद वर आले. म्हणून एकाच शहराच्या वेगवेगळ्या वर्षांसमोर तुम्हाला ‘तात्पुरते’ आणि ‘लेखापरीक्षित’ असे दोन प्रकार दिसतील. तुलना करताना दोन्ही वर्षं लेखापरीक्षितच घ्या. तात्पुरत्या हिशेबातले आकडे नंतर बदलतात.

तिथे हवं ते वर्ष मिळालं नाही तर पालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. ‘लेखा व वित्त विभाग’ किंवा ‘मुख्य लेखा व वित्त अधिकारी’ या नावाखाली वार्षिक लेखे असतात. ‘माहितीचा अधिकार’ या दुव्याखालीही पाहा, अनेक ठिकाणी फाइल तिथे ठेवलेली असते. फाइल मिळाली की लगेच आपल्या संगणकात उतरवून घ्या आणि नावात संस्था, वर्ष आणि उतरवल्याची तारीख लिहा. संकेतस्थळं बदलली की जुने दुवे मरतात.

ताळेबंद वाचा

इथे घाई करू नका. सगळ्या लेखात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच.

पहिल्या पानावर एकक बघा. रक्कम रुपयांत आहे, हजारांत, लाखांत की कोटींत? काही संस्था मुख्य ताळेबंद एका एककात देतात आणि परिशिष्टं दुसऱ्या. एका शून्याची गफलत झाली की शहर श्रीमंत किंवा दिवाळखोर दिसायला लागतं.

आता परिशिष्टांकडे वळा. २००४ साली देशासाठी राष्ट्रीय महापालिका लेखा नियमावली तयार झाली, आणि तिच्यावर आधारलेल्या हिशेबांत परिशिष्टांना ठरलेले क्रमांक असतात. ‘बी-५’ म्हणजे तारण कर्जं, ‘बी-६’ म्हणजे बिनतारण कर्जं. लेखाशीर्षाचे संकेतांक पाहिलेत तर तारण कर्जाला ३३० आणि बिनतारण कर्जाला ३३१. ही दोन पानं हातात आली की निम्मं काम झालं. त्यात कर्ज कुणाचं तेही फोड करून दिलेलं असतं: केंद्र सरकार, राज्य सरकार, सरकारी संस्था, आंतरराष्ट्रीय संस्था, बँका व वित्तसंस्था, आणि कर्जरोखे. हुडको या सरकारी वित्तसंस्थेचं कर्ज, बँकेचं कर्ज, रोखे, सगळं इथेच सापडायला हवं.

प्रत्येक ओळीपुढे बहुधा दोन आकडे असतात, चालू वर्षाअखेरचा आणि मागल्या वर्षाअखेरचा. दोन्ही लिहून घ्या. ३१ मार्चला शिल्लक असलेलं मुद्दल म्हणजे त्या दिवशीचं कर्ज. त्यानंतर उत्पन्न-खर्च पत्रकात ‘आयई-१३’ हे परिशिष्ट उघडा, संकेतांक २४०. तिथे व्याज आणि वित्तीय आकार आहेत. कर्ज शून्य दाखवलंय आणि व्याज मात्र भरलं जातंय, असं दिसलं तर थांबा. वर्षाच्या मध्येच कर्ज फिटलं असेल, नाहीतर ते दुसऱ्या कुठल्या शीर्षात गेलं असेल. दोन्ही शक्यता प्रामाणिक आहेत, पण विचारण्याजोग्या आहेत.

मराठी फाइलींची एक अडचण नवख्यांना हमखास छळते. तुम्ही शोधचौकटीत ‘कर्ज’ टाइप करता आणि उत्तर येतं की असा शब्दच नाही. शब्द समोर छापलेला दिसत असतो. याचं कारण फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली असते किंवा कागद स्कॅन करून चढवलेला असतो. अशा वेळी शोधावर विसंबू नका. अनुक्रमणिका पाहा, परिशिष्टाचा क्रमांक हेरा आणि पान पान उलटा. आकडे मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाचू नका. स्कॅनमध्ये ३ आणि ८ सारखेच दिसतात.

शेवटी लेखापरीक्षकाचा अभिप्राय वाचा, तो सहसा फाइलच्या सुरुवातीला असतो. ‘कर्जखात्याची बँकेच्या दाखल्याशी पडताळणी झालेली नाही’ अशा आशयाचं वाक्य तिथे असेल तर वरच्या सगळ्या आकड्यांकडे तेवढ्याच सावधपणे पाहायचं.

मग अंदाजपत्रक

आता ते उघडायला हरकत नाही. महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात आणि पुढे ते मुख्य सभेत जातं. त्यात साधारण तीन रकाने असतात: गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, या वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. यातला फक्त ‘प्रत्यक्ष’ हा रकाना घडलेल्या गोष्टी सांगतो.

खर्च बाजूला ‘कर्ज परतफेड’, ‘व्याज’ आणि कुठे कुठे ‘कर्जनिवारण निधी’ अशी शीर्षं असतात. कर्जनिवारण निधी म्हणजे मुद्दल फेडण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकलेले पैसे. रोखे असतील तर हा निधी खरोखर भरला जातोय का, हे बघणं फार मोलाचं आहे. एकदम मोठी परतफेड येते तेव्हा तीच शिदोरी असते. जमा बाजूच्या ‘कर्ज’ या ओळीची गोष्ट वर सांगितलीच.

मंजूर केलेलं कर्ज आणि उचललेलं कर्ज यांत किती अंतर असू शकतं, ते पुण्याच्याच उदाहरणात दिसतं. पाणी योजनेसाठी रोख्यांतून टप्प्याटप्प्याने २,२६४ कोटी उभारायचा आराखडा होता. २०१७ मध्ये उभे केले २०० कोटी. त्या दिवसांत ‘पुण्यावर सव्वादोन हजार कोटींचं कर्ज’ असं म्हणणारा चुकलाच असता.

रोखे असतील तर काम सोपं होतं

साध्या बँककर्जापेक्षा रोख्यांची माहिती शोधायला सोपी, कारण गुंतवणूकदारांसाठी ती उघड करावीच लागते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१५ मध्ये नागरी संस्थांच्या रोख्यांसाठी नियमावली आणली. तिच्यामुळे रोखे काढणाऱ्या संस्थेला माहितीपत्रक प्रसिद्ध करावं लागतं आणि पुढेही ठरावीक काळाने आर्थिक निकाल शेअर बाजाराला कळवावे लागतात. माहितीपत्रक शंभर-दोनशे पानांचं असलं तरी घाबरू नका. ‘सध्याची कर्जं’, ‘निधीचा वापर’ आणि ‘जोखमीचे घटक’ एवढे तीन भाग वाचा. आपल्या शहराच्या अडचणी इतक्या स्पष्ट शब्दांत संस्थेने दुसरीकडे कुठेच लिहिलेल्या नसतात. परतफेडीसाठी कुठल्या कराचं उत्पन्न एस्क्रो खात्यात वळवायचं, म्हणजे आधी हप्ता आणि मग बाकीचा खर्च, हेही तिथेच कळतं.

मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार, दोघांच्याही संकेतस्थळांवर महापालिकेच्या नावाने शोध घेता येतो. प्रत्येक रोख्याला बारा अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक असतो, त्याला ‘आयसिन’ म्हणतात. तो एकदा टिपून ठेवलात की नावाच्या स्पेलिंगची कटकट संपते. सेबीच्या संकेतस्थळावर २०२३ पासून महापालिका रोख्यांची माहिती एकत्र ठेवलेली आहे. महाराष्ट्रात नाशिक आणि नागपूर यांनी फार पूर्वी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर लगेचच्या काळात रोखे काढले होते. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटींचे काढले.

पतमानांकन संस्थांचे, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला श्रेणी देणाऱ्या संस्थांचे अहवाल मात्र मला माहितीपत्रकापेक्षाही उपयोगी वाटतात. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या संस्था मानांकनामागची कारणं आपल्या संकेतस्थळांवर मोफत ठेवतात. चार-पाच पानांत उत्पन्न किती, करवसुली कशी, कर्ज किती, पुढे किती घेण्याचा बेत आहे, सगळं येतं. नुसतं ‘एए प्लस’ हे अक्षर वाचून पान मिटू नका. खाली ‘कमकुवत बाजू’ हा परिच्छेद असतो, तो वाचा. अक्षरांपुढे कंसात ‘सीई’ असेल तर त्या मानांकनाला बाहेरच्या हमीचा किंवा एस्क्रोसारख्या रचनेचा आधार आहे. संस्थेची स्वतःची पत त्याहून कमी असू शकते.

कर्ज म्हणून न लिहिलेली देणी

‘आमच्या पालिकेवर एक रुपयाही कर्ज नाही’ असं वाक्य ऐकलंत की ‘बी-९’ परिशिष्ट उघडा. तिथे इतर दायित्वं असतात, आणि त्यात ठेकेदारांची न दिलेली बिलं. बँकेकडून उसने घ्यायचे नाहीत आणि ठेकेदाराला दोन वर्षं थांबवायचं, हाही उधारीचाच प्रकार आहे. वर तो महागही पडतो, कारण पुढच्या निविदेत ठेकेदार त्या थांबण्याची किंमत लावतो. ‘बी-७’ मध्ये लोकांच्या आणि ठेकेदारांच्या अनामती असतात. त्या कधीतरी परत करायच्या आहेत. निवृत्तिवेतनाची तरतूद झाली आहे की नाही ते ‘बी-१०’ मध्ये बघा. कर्जाची गोष्ट काढणारे बहुतेक जण इथवर येतच नाहीत, आणि छोट्या नगरपरिषदांची खरी ओढाताण इथेच दिसते.

एक सोपं गणित

कर्जाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मुंबईला जे किरकोळ, ते एखाद्या नगरपंचायतीला बुडवणारं. म्हणून वर्षभरात भरलेलं व्याज आणि फेडलेलं मुद्दल यांची बेरीज करा आणि तिला संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाने भागा. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मिळकतकर, पाणीपट्टी, विकास शुल्क, भाडी वगैरे. सरकारी अनुदानं आणि जीएसटीची भरपाई यात धरू नका.

समजा, एका शहराचं कर्ज गेल्या मार्चला १२० कोटी होतं, या मार्चला १०४ कोटी आहे आणि वर्षात नवं कर्ज घेतलेलं नाही. म्हणजे मुद्दल १६ कोटी फिटलं. व्याज ९ कोटी गेलं. एकूण २५ कोटी. स्वतःचं उत्पन्न ४०० कोटी असेल तर प्रमाण सव्वासहा टक्के. वर्षात नवं कर्ज घेतलं असेल तर नुसत्या वजाबाकीने भागणार नाही. तेव्हा मागची शिल्लक अधिक नवं कर्ज, त्यातून आताची शिल्लक वजा केली की फेडलेलं मुद्दल निघतं.

हे प्रमाण चांगलं की वाईट, असं लोक लगेच विचारतात. मी त्यांना पाच वर्षांचे आकडे एका ओळीत मांडायला सांगतो. सव्वासहावरून पाचवर आलेलं शहर आणि सव्वासहावरून अकरावर गेलेलं शहर, यांना एकच शेरा देता येत नाही. सोबत आपल्याएवढ्या लोकसंख्येच्या दोन शहरांचे आकडे घ्या. देशपातळीवरचं चित्र हवं असेल तर रिझर्व्ह बँकेचे महापालिकांच्या वित्तव्यवस्थेवरचे अहवाल आहेत, २०२२ आणि २०२४ च्या नोव्हेंबरमधले. दोन्ही मोफत आहेत.

ऑनलाइन सापडलं नाही तर

महाराष्ट्र शासनाच्या ‘आरटीआय ऑनलाइन’ संकेतस्थळावरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘पालिकेच्या कर्जाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहू नका. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं. असं लिहा:

‘दि. ३१ मार्च रोजी संपलेल्या मागील तीन आर्थिक वर्षांसाठी, वर्षनिहाय, संस्थेने घेतलेल्या प्रत्येक कर्जाचा तपशील असलेल्या कर्ज नोंदवहीच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष उचललेली रक्कम, व्याजदर, मुदत, वर्षात भरलेले मुद्दल व व्याज, वर्षअखेरची शिल्लक. तसेच प्रत्येक कर्जासाठीच्या ठरावाची व शासन मंजुरीच्या आदेशाची प्रत द्यावी.’

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. अर्जात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा उल्लेख जरूर करा. आपणहून प्रसिद्ध करायच्या माहितीत अंदाजपत्रकही येतं.

अर्जाशिवायचा एक मार्ग फारच कमी लोक वापरतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. लेखा विभागात जाऊन कर्ज नोंदवही मागा. कुठल्या वर्षाची हवी ते आधी कागदावर लिहून न्या. २०२२ पासूनच्या प्रशासकांच्या काळातली कर्जं शोधत असाल तर सभेचे ठराव मिळणार नाहीत, ‘प्रशासकीय ठराव’ म्हणून मागा.

गावात राहत असाल तर

ग्रामपंचायतीवर बहुधा मोठं कर्ज नसतं. पण जिल्हा ग्रामविकास निधीतून जिल्हा परिषदेमार्फत ग्रामपंचायती कर्ज घेतात, व्यापारी गाळे किंवा ग्रामपंचायतीची इमारत अशा कामांसाठी. ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की जमाखर्च आणि विकास आराखडा दिसतो. या कर्जाची शिल्लक मात्र तिथे नीट सापडेलच असं नाही. ती ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागात मिळते. ग्रामसभेत लेखी प्रश्न द्या: गाळ्यांसाठी घेतलेलं कर्ज किती उरलं, गाळ्यांचं भाडं वर्षाला किती जमलं, आणि त्या भाड्यातून हप्ता निघतो का. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्या.